डाव्या हाताची खुकुरी

जांबोटीच्या पुढं रानात माझ्या मधाच्या अकरा पेट्या आहेत
आणि त्यांच्यापर्यंत जाणारी वाट
दर दिवाळीला नाहीशी होते.
रानमोडी, घाणेरी, मधेच आडवा झालेला चिवा.
कोयता होता. भीमशी लोहारानं घडवलेला, चांगला,
फक्त धार एकाच अंगानं, उजव्यांसाठी.
मी घाव घातला की फांदीवरनं घसरून
माझ्या गुडघ्याची चौकशी करायला यायचा.

म्हणून एका बुधवारी बेळगावात, कॅम्पात,
मकबूलभाईंच्या दुकानात.
पाटी दोन भाषांत, हिशेब तिसऱ्या.
सोबत काजू फॅक्टरीचा राखणदार पूर्णबहादूर राना,
तेवीस वर्षं खानापुरात,
मराठी बोलतो ती आमच्याच गल्लीची.

मकबूलभाईंनी आधी काढली पितळी सिंहाच्या मुठीची,
आरशासारखी.
त्यात मला माझंच कपाळ दिसलं.
"ही भिंतीला," पूर्णबहादूर म्हणाला,
"हिनं लिंबू पण कापू नको."
दुसरीची मूठ म्हशीच्या शिंगाची. देखणी.
"कणकुंबीचा पाऊस खाऊन तडकणार."
तिसरी बारा इंची.
"सरळ हात करून धर, साठपर्यंत मोज."
बेचाळीसला माझं मनगट थरथरलं.
"दहाची घे. दसऱ्याचा रेडा मारायचाय काय तुला?"

चौथी काळपट, ट्रकच्या पाट्याची,
लाकडी मुठीतनं पोलाद शेवटपर्यंत गेलेलं.
त्यानं नखानं टिचकी मारली, कान लावला,
पाठीवरनं एक डोळा मिटून बघितलं,
मग माझ्याकडं दिली.
मी घेतली डाव्या हातात.
दुकानात कुणी काही बोललं नाही.
शाळेत या हातावर पट्टी बसायची
कन्नडच्या तासाला आणि मराठीच्याही,
त्या एका बाबतीत दोन्ही मास्तरांचं एकमत होतं.
"काय बघालीस?" पूर्णबहादूर म्हणाला.
"दोन्ही अंगांनी सारखी धार. हिला डावं-उजवं कळत नाही."

मुठीजवळ पात्याला एक खाच होती.
कशाला?
मकबूलभाई म्हणाले, रक्त मुठीवर येऊ नये म्हणून.
वस्तऱ्याला धार लावायला आलेला जवान म्हणाला, त्रिशूळ आहे तो.
पूर्णबहादूर म्हणाला, "बापानं सांगितलं नाही.
तुझ्या नाकाला भोकं दोन का,
सांगितलंय कुणी तुला?"

अठराशे पन्नास. तेलाची बाटली वर.

बसस्टँडवर, खानापूरची गाडी लागेपर्यंत,
त्यानं मला पिशवीतल्या पिशवीत म्यान धरायला शिकवलं:
पाठीकडनं, बोटं धारेच्या बाजूला न वळवता.
पाती म्यानाची शिवण फाडून बाहेर येते कधी कधी.
मग तर्जनी दाखवली, तिच्यावर पांढरी रेघ,
अठराव्या वर्षाची.
समोरच्या बाकावरची आजी सरकून बसली.

घरी आल्यावर कळलं,
पात्याला डावं-उजवं कळत नाही खरं,
पण पट्ट्याला कळतं.
म्यानाचा फासा उजव्या कमरेचा.
डावीकडं बांधलं की सगळंच पाठमोरं.
यल्लाप्पा चांभारानं फासा उसवला, उलटा शिवला,
दाताखाली दोरा धरूनच म्हणाला,
"साकु? की अजून वर पायजे?"
साठ रुपये. मी म्हटलं, साकु.

रविवारी चिव्यावर पहिला घाव घातला.
चुकला.
दुसरा बसला, आणि तो आवाज
अजून माझ्या खांद्यात आहे.
दुपारपर्यंत सहाव्या पेटीपाशी पोचले.
दोन पेट्या रिकाम्या, मेणकिड्यानं जाळं करून टाकलेल्या.
तिथं ती मोठी पाती काय कामाची?
म्यानाच्या पाठीत खोचलेली
करंगळीएवढी सुरी काढली,
जिच्याकडं दुकानात कुणी बघितलंही नव्हतं,
आणि उन्हं कलेपर्यंत फळ्या खरवडत बसले.
माश्या डाव्या हातावर येऊन बसत होत्या,
चावत नव्हत्या.